थर्माकोलचे ओतकाम : लेप घरी, भट्टी बाहेर

जुन्या यंत्राचा एखादा ब्रॅकेट, पुली किंवा हँडल तुटले की मालकाची काय धावपळ होते, हे भिवंडी-मालेगावच्या मागवाल्यांना आणि गॅरेज चालवणाऱ्या आपल्या बांधवांना वेगळे सांगायला नको. तो भाग बाजारात मिळत नाही. फाउंड्रीत जावे तर लाकडी पॅटर्न आणा म्हणतात. पॅटर्न करणाऱ्या सुताराची मजुरी मोजायला गेले तर एका नगासाठी ती त्या नगाच्या किमतीहून जास्त होते. मग वेल्डिंग मारून दिवस काढायचे, आणि ते पुन्हा तुटले की पुन्हा वेल्डिंग.

अशा एकेका नगाच्या कामासाठी थर्माकोलचे ओतकाम हा चांगला उपाय आहे. थर्माकोल कापून हुबेहूब भाग तयार करायचा, त्याला लेप द्यायचा, कोरड्या मोकळ्या वाळूत पुरायचा आणि वरून वितळलेला धातू ओतायचा. धातूच्या उष्णतेने थर्माकोल वितळून, जळून निघून जातो आणि त्याची जागा धातू घेतो. पॅटर्न बाहेर काढायचा नाही, साचा दोन भागांत उघडायचा नाही, कोअर बसवायचा नाही. आपल्या वस्त्यांतल्या काही होतकरू तरुणांनी हे काम घरच्या घरी करून पाहिले आहे. पण त्यांच्याकडून एकच तक्रार ऐकू येते की माल नीट उतरत नाही. कुठे वाळू चिकटते, कुठे भोके पडतात, कुठे अर्धाच भाग भरतो. दोन-तीन वेळा असे झाले की 'ही पद्धतच खोटी' म्हणून ते सोडून देतात.

आमचे मत असे आहे की पद्धत खोटी नाही. चूक बहुतेक वेळा लेपात होते, आणि लेपाकडे आपला कारागीर दुय्यम काम म्हणून पाहतो. त्याचे सारे लक्ष भट्टीकडे असते. भट्टी कशी बांधावी, ब्लोअर कोणता लावावा, मूस कुठून आणावी, यावर तो महिने घालवतो, आणि लेप मात्र हाताला लागेल त्या वस्तूचा, घाईघाईने, एका संध्याकाळी उरकतो. म्हणून या लेखात आम्ही भट्टीविषयी थोडे आणि लेपाविषयी जास्त बोलणार आहोत.

ही पद्धत काही कालपरवाची नाही. अमेरिकेत हॅरोल्ड श्रॉयर यांना तिचे पेटंट १९५८ साली मिळाले. तेव्हा फोम चिकट केलेल्या वाळूत ठेवत. कोणताही चिकटा नसलेली कोरडी, मोकळी वाळू वापरण्याची रीत १९६४ च्या सुमारास पुढे आली. पुढे मोठमोठ्या मोटार कारखान्यांनी ती उचलली. जनरल मोटर्सच्या सॅटर्न गाडीच्या इंजिनाचे ब्लॉक १९९० पासून याच पद्धतीने ओतले जात होते. आणि मुळातला विचार तर आपल्याच देशात फार जुना आहे. बस्तरचे ढोकरा कारागीर मेणाची मूर्ती करतात, तिच्यावर आधी अगदी बारीक गाळलेल्या मातीचा थर देतात आणि त्यानंतर जाड मातीचे थर चढवतात. तो पहिला बारीक थर बिघडला तर मूर्ती बिघडली, हे त्यांच्या घरातल्या मुलालाही माहीत असते. थर्माकोलच्या लेपाचे काम तेच आहे.

लेप नेमके काय करतो, ते समजून घेतले पाहिजे. त्याची कामे चार. पहिले, वाळू रोखून धरणे. धातू पुढे सरकत असताना थर्माकोल आणि धातू यांच्यामध्ये क्षणभर पोकळी होते. तेवढ्यात मोकळी वाळू आत ढासळली तर काम संपले. लेपाचे कवच तिला थोपवते. दुसरे, वायू बाहेर सोडणे. थर्माकोलमध्ये जवळजवळ सगळी हवाच असते, घन पदार्थ शेकडा दोनच्या आसपास. पण तेवढ्याचाही वायू पुष्कळ होतो, आणि तो लेपाच्या बारीक छिद्रांतूनच वाळूत जायचा असतो. तिसरे, चिकट द्रव शोषून घेणे. ॲल्युमिनियमच्या उष्णतेला थर्माकोलचा सगळा वायू होत नाही, बराचसा भाग पातळ राळेसारखा उरतो. ती राळ लेपाने टिपकागदासारखी ओढून घ्यायची असते. चौथे, धातूला वाळूच्या दाण्यांत शिरू न देता मालाला गुळगुळीत अंग देणे.

आता यावरून लक्षात येईल की लेप हा भिंतीच्या रंगासारखा नाही. रंग जितका दाट आणि बंद तितका चांगला. इथे मात्र कवच मजबूतही हवे आणि त्यातून श्वासही जायला हवा. फार पातळ लेप दिला तर वाळू ढासळते. फार जाड किंवा छिद्रे बंद करणारा दिला तर वायू कोंडतो, धातू अडतो, कधी उलटा उसळून वर येतो.

मग लेप कशाचा करावा? ॲल्युमिनियमसाठी घरगुती काम करणारे जिप्सम बोर्डाच्या सांध्यांना लावतात तो बादलीत तयार मिळणारा जॉइंट कंपाउंड वापरतात. तो बहुतांशी बारीक खडूच्या भुकटीचा असतो आणि नुसता वाळून घट्ट होतो. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, या कामाला ते त्याच्या शंभरेक अंश वर नेऊन ओततात. एवढी उष्णता हा लेप तेवढ्या वेळेपुरती सोसतो.

इथे दुकानदार बंधूंना आमची विनंती आहे. गिऱ्हाईक 'पुट्टी द्या' म्हणाले की पांढऱ्या सिमेंटची भिंतीची पुट्टी हातात देऊ नका, आधी काम विचारा. त्या पुट्टीतले सिमेंट पाणी स्वतःत बांधून घेऊन घट्ट होते. प्लास्टर ऑफ पॅरिसचेही तसेच. घट्ट झालेल्या प्लास्टरच्या वजनात पाचवा हिस्सा पाणी असते, आणि ते उन्हात किंवा पंख्याखाली ठेवून जात नाही. हाताला खडखडीत कोरडे लागते, पण धातूचा स्पर्श होताच ते पाणी वाफ होऊन बाहेर पडते आणि मालात भोके पाडते. मेणाच्या साच्याला भट्टीत भाजून हे पाणी काढता येते. थर्माकोलला भाजणार कसे? म्हणून या कामात प्लास्टरचा मोह टाळावा.

पितळ, कांसे आणि बिडासाठी जॉइंट कंपाउंडवर विसंबू नये. खडू सव्वाआठशे-साडेआठशे अंशांच्या वर फुटू लागतो आणि स्वतःच वायू सोडतो. पितळ नऊशे अंशांच्या आसपास वितळते आणि बीड साडेअकराशेच्या पुढे, शिवाय ओतताना ते आणखी गरम असते. तिथे झिरकॉन, ॲल्युमिना किंवा सिलिकाच्या बारीक पिठाचा, पाण्यात कालवलेला, खास फोमसाठी केलेला तयार लेपच घ्यावा. फाउंड्रीचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्याकडे तो मागवता येतो. घरी भुकट्या मिसळून बिडाचा लेप करण्याच्या भानगडीत नवख्याने पडू नये. एक नग वाया गेला तर वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त जातात.

फाउंड्रीत मुरलेल्या मोल्डर बंधूंना एक इशारा. तुम्ही वाळूच्या साच्याला स्पिरिटचा वॉश मारता आणि काडी लावून तो वाळवता. हाताला ती सवय लागलेली असते. थर्माकोलच्या पॅटर्नला ती काडी लागली तर पॅटर्न तुमच्यासमोर वितळून जाईल. तसेच थिनर, पेट्रोल, ॲसिटोन आणि रबरी सोल्युशन यांपैकी काहीही थर्माकोलला लावू नका, तो विरघळतो. जोड द्यायला पांढरा गोंद किंवा गरम करून लावायची गोंदकांडी वापरा, तीही थोडीच. गोंद जितका जास्त, तितकी घाण जास्त.

लेप लावण्याची रीत सोपी आहे, पण सबुरी मागते. कंपाउंड पाण्यात कालवून दाट ताकासारखे करावे. गुठळी राहू नये म्हणून चाळणीतून गाळून घ्यावे. थर्माकोल पाणी धरत नाही, लेप थेंबथेंब होऊन घसरतो. त्यासाठी भांडी घासायच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि फेस न करता हळू ढवळावे. पॅटर्न लहान असेल तर बुडवावा. पण थर्माकोल तरंगतो. दाबून बुडवताना बारीक दांडी किंवा पातळ पत्र्यासारखा भाग वाकतो आणि वाकलेलाच वाळतो. असा नाजूक किंवा मोठा नग परातीवर धरून वरून लेप ओतावा आणि कोपऱ्यांत मऊ ब्रशने पोचवावा. कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिला तर तिथे लेप नाही, आणि तिथेच धातूचा गोळा उठेल. धातू आत जाण्याचा रस्ता, म्हणजे स्प्रू, यालाही लेप हवाच. लोक नग नीट लेपतात आणि स्प्रू उघडा ठेवतात, मग वाळू तिथूनच आत जाते. फक्त स्प्रूचे वरचे तोंड मोकळे ठेवावे.

दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा. एकूण जाडी अर्ध्या ते एक मिलीमीटरपर्यंत पुरते. वाळल्यावर उजेडात धरून तडे पाहावेत आणि तड्यावर बोटाने लेप भरावा.

वाळवणे हा या कामाचा आत्मा आहे. सावलीत, पंख्याखाली, नग टांगून वाळवावा. गरम पेटी केली तर ४५ ते ५० अंशांच्या वर जाऊ नये. त्याहून बरीच जास्त उष्णता लागली की थर्माकोल आक्रसतो आणि लेप सुटतो. उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत काम होते, पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत आठवडाही अपुरा पडेल. पण दिवस मोजून किंवा हात लावून ठरवू नका. वजन करा. सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला लहान इलेक्ट्रॉनिक काटा चालेल. सकाळ-संध्याकाळ वजन लिहून ठेवा. दोन-तीन वेळा तेच वजन आले, म्हणजे आतले पाणी गेले. वजन घटत आहे तोवर नग वाळूत पुरू नका.

पाण्याविषयी इतके का सांगतो? एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सोळाशे लिटरहून जास्त जागा मागते. ओला लेप, ओली वाळू किंवा ओली जमीन यांच्यावर वितळलेला धातू पडला तर तो उडतो, आणि माणसाच्या अंगावर येतो.

आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या मते घरी करण्याजोगे काम थर्माकोल कापणे आणि लेप देणे एवढेच आहे. धातू वितळवणे व ओतणे हे राहत्या घरात, गल्लीत किंवा गच्चीवर करू नये. थर्माकोल जळताना काळा धूर निघतो. त्यात स्टायरिन, बेंझिन यांसारखे घातक वायू असतात. पितळ तापवले की त्यातले जस्त ९०७ अंशांना उकळते आणि पांढरा धूर सोडते. तो छातीत गेला की त्या रात्री ताप भरतो. भंगारातल्या पितळात शिसेही असू शकते. सिमेंटच्या लादीवर धातू सांडला तर लादीतल्या ओलीमुळे ती तडकून उडते. आपल्या वस्त्यांत एका भिंतीला दुसरे घर लागून असते, जिन्यात गॅसची टाकी असते, दारात मुले खेळतात. दोन पैशांच्या नफ्यासाठी एवढ्यांचा जीव टांगणीला लावणे आम्हाला पटत नाही. शिवाय धंदा म्हणून भट्टी चालवायची तर महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांची संमती लागते, हेही विसरू नये.

काही जण म्हणतील, भट्टी आपली नसेल तर नफा फाउंड्रीवालाच नेणार. हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबात आहे. ओतणावळ किलोवर मोजली जाते. ती किती मिळणार, हे बाजार ठरवतो. पण एकच नग, हुबेहूब, चार दिवसांत हवा असलेले गिऱ्हाईक किलोचा भाव विचारत नाही. ते पैसे देते पॅटर्नच्या हुनरासाठी. म्हणजे कमाई जिथे आहे ते काम घरी होण्यासारखे आहे, आणि जिथे धोका व खर्च आहे ते फाउंड्रीत आधीच उभे आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगर-शिरोलीपासून जिल्ह्याजिल्ह्यांच्या एमआयडीसीपर्यंत लहान फाउंड्र्या आहेत. त्यांतली एखादी आठवड्यातून एक दिवस असे नग ओतून द्यायला तयार झाली, तर दोघांचेही भले होईल.

हात तर आपल्याकडे आहेतच. महाराष्ट्र सरकारने मार्च २०१८ मध्ये थर्माकोलची ताटे, वाट्या आणि सजावटीचा थर्माकोल यांवर बंदी घातली. त्या वेळी मखर, कमानी, लग्नाची स्टेजे करणाऱ्या अनेक कारागिरांचे काम गेले. तापलेल्या तारेने थर्माकोलला हवा तो आकार देण्यात या लोकांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांना शिकायचे ते एवढेच : मापे मिलीमीटरमध्ये घेणे, धातू थंड होताना आक्रसतो म्हणून ॲल्युमिनियमच्या नगाला शंभराला सव्वा मिलीमीटरच्या आसपास वाढ ठेवणे, जिथे लेथवर काम व्हायचे तिथे आणखी जागा सोडणे, आणि लेप. घरच्या स्त्रियाही हे काम उत्तम करू शकतात, कारण त्यात ताकद कमी आणि नजर जास्त लागते. फक्त वाळलेला लेप घासताना नाकाला मास्क हवा आणि ते काम उघड्यावर व्हावे. सिलिकाचे पीठ तर मुलांच्या हाती लागूच देऊ नये, त्याची धूळ फुप्फुसे खाते.

पण असे वाटून काम करायचे तर एक वाद होणारच, आणि तो आधीच मिटवला पाहिजे. नग बिघडला तर नुकसान कोणाचे? फाउंड्रीवाला म्हणेल लेप ओला होता. लेपवाला म्हणेल धातू थंड होता, नाही तर ओतताना धार तुटली. दुबळी बाजू घरी काम करणाऱ्याची असते, म्हणून पहिला भुर्दंड त्याच्यावर पडतो. आमची सूचना अशी की प्रत्येक नगाबरोबर एक चिठ्ठी जावी. तीवर लेप कोणता, हात किती, शेवटचा हात कोणत्या दिवशी दिला आणि वाळतानाची शेवटची तीन वजने लिहावीत. फाउंड्रीत नग घेताना तो पुन्हा तोलून तिथेच सही घ्यावी. वजन जुळले म्हणजे लेप कोरडा होता, हे सिद्ध झाले. त्यानंतरची जबाबदारी ओतणाऱ्याची. आणि पॅटर्न व लेप यांची मजुरी नग देतानाच चुकती व्हावी, माल उतरण्यावर ती टांगून ठेवू नये. काम देणाऱ्या व्यापारी बंधूंनी हा नियम स्वतःहून पाळावा. कारागीर टिकला तरच धंदा टिकेल.

गिऱ्हाइकालाही खरे सांगावे. थर्माकोलचे दाणे मालाच्या अंगावर उमटतात. गुळगुळीत अंग हवे असेल तर बारीक दाण्याचा थर्माकोल घ्यावा लागेल, तो महाग पडेल. एकच वस्तू पन्नास-शंभर नग हवी असेल तर लाकडी किंवा धातूचा पॅटर्न करून नेहमीच्या वाळूत ओतणेच स्वस्त, कारण थर्माकोलचा पॅटर्न दर नगाला जळून जातो. ज्या भागावर माणसाचा जीव अवलंबून आहे, जसे गाडीच्या ब्रेकचा किंवा स्टिअरिंगचा भाग, तो अशा रीतीने करून देऊच नये, गिऱ्हाईक कितीही पैसे देवो.

नव्याने सुरू करणाऱ्याला आमचा सल्ला असा. पहिले दोन महिने विकायचे काम घेऊ नका. तळहाताएवढे साधे नग करा. एकाच आकाराचे तीन नग घ्या, एकाला लेपाचा एक हात द्या, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. तिन्हींची वजने लिहा, एकाच दिवशी एकाच मुशीतून ओतवून घ्या आणि माल फोडून आतून पाहा. कोणता लेप तुमच्या वाळूला आणि तुमच्या धातूला मानवतो, ते कोणत्याही उस्तादापेक्षा ते तीन तुकडे जास्त स्पष्ट सांगतील. ती वही जपून ठेवा. पुढे शागीर्द येईल तेव्हा त्याला शिकवायला तीच कामी येईल.